दिंडीच्या ट्रकमधला गॅस : वास आला की काय कराल?

आषाढी जवळ आली की उजनीच्या दोन्ही काठांवरचे रस्ते वारकऱ्यांनी फुलून जातात. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी इंदापूरला मुक्काम करते, तर त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी करमाळ्यावरून पंढरीकडे जाते. प्रत्येक दिंडीबरोबर सामानाचा ट्रक किंवा टेम्पो असतोच. भांडी, शिधा, वळकट्या आणि त्यांच्याच शेजारी गॅसचे सिलिंडर! पाऊस लागला की वरून ताडपत्री ओढली जाते आणि हा फिरता संसार चारी बाजूंनी बंद होतो. काळजी घ्यायची ती नेमकी इथे.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. दाबाखाली तो पातळ रूपात असतो. बाहेर पडला की सुमारे २५० पट पसरतो. हा गॅस हवेपेक्षा जड आहे. तो वर उडून जात नाही, तर पाण्यासारखा खाली साचतो. ट्रकचा हौदा म्हणजे त्याला आयतीच टाकी. हवेच्या शंभर भागांत सुमारे दोन भाग गॅस मिसळला, तरी एका ठिणगीने भडका उडू शकतो. पहाटे तीनला उठून चहाचे आधण ठेवणाऱ्या मावशी रात्रभर साचलेल्या गॅसमध्ये काडी ओढतात आणि घात होतो.

या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. मात्र नाकावर पूर्ण भरवसा ठेवू नये. सर्दी झालेल्यांना व वृद्धांना वास कमी येतो. शिवाय त्याच जागी बराच वेळ बसले की नाक वासाला सरावते. म्हणून बाहेरून आलेला माणूस "गॅसचा वास येतोय" म्हणाला, तर त्याचे ऐका.

गळती शोधण्याची रीत सोपी आहे. वाटीभर पाण्यात कपडे धुण्याची पावडर घालून दाट फेस करा. शेगडीची बटणे बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि नळीच्या दोन्ही टोकांना, सगळ्या नळीवर व रेग्युलेटरच्या सांध्यावर फेस लावा. बुडबुडे फुगू लागले, तिथे गळती आहे. मग रेग्युलेटर बंद करून काढा आणि सिलिंडरच्या तोंडात थोडे पाणी घाला. तिथे बुडबुडे आले तर व्हॉल्व्हच गळतो आहे. धरणाकाठी वारा जोराचा असतो, म्हणून ही तपासणी मोकळ्यावर पण आडोशाला करा. काडी पेटवून गळती शोधणे म्हणजे मरणाला हाक मारणे होय.

दुरुस्ती कोणती करावी आणि कोणती करू नये, हेही समजून घ्या. नळीचे टोक सैल असेल तर नीट बसवून क्लिप आवळा. नळीला चीर गेली असेल, ती कडक झाली असेल किंवा पाच वर्षांची मुदत संपली असेल, तर नवी सुरक्षा नळी घ्या. चिकटपट्टी, साबण, दोरा असले उपाय नकोत. व्हॉल्व्हमधली रबरी चकती झिजली असेल किंवा व्हॉल्व्ह गळत असेल, तर ते काम गॅस एजन्सीच्या माणसाचे. तोवर टोपी घट्ट बसवून सिलिंडर उभाच ठेवा.

चालत्या गाडीत रेग्युलेटर काढून टोपी लावावी, सिलिंडर उभा बांधावा आणि स्वयंपाक गाडीबाहेर, उघड्यावर करावा. पावसामुळे ताडपत्रीखाली शेगडी पेटवली, तर दुसराही धोका असतो. कोंडलेल्या जागेत जळण अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू तयार होतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठत नाही.

वास आलाच, तर उदबत्ती, विडी, कंदील दूर न्या. गाडी सुरू करू नका, दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नका, मोबाइल वापरू नका. रेग्युलेटर बंद करा, ताडपत्री सोडा, माणसे वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या. जमल्यास सिलिंडर उचलून मोकळ्या रानात ठेवा. विहीर, खड्डा, ओढा टाळा. दूर गेल्यावर १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर कळवा. आग लागली तर १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८.

कोणी भाजलेच, तर जागा वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावी. बर्फ, शाई, टूथपेस्ट, पीठ काही लावू नये. अंगठ्या, बांगड्या लगेच काढाव्यात, चिकटलेला कपडा ओढू नये, स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठावा. निसटत्या पातळ गॅसने त्वचा गोठूनही जखम होते. त्यावर कोमट पाणी घालावे, चोळू नये.

हे सारे उजनीकाठच्या मच्छीमारांच्या पालांना आणि ऊसतोड मजुरांच्या कोपींनाही लागू आहे. निघण्याआधी वाटीभर फेसाला पाच मिनिटे लागतात. तेवढी दिलीत, तर दिंडीतले सगळे पंढरीला पोहोचतील आणि सुखरूप घरी परततील.