मास्टर चावी कोणाकडे?

आज बोलूया अ‍ॅडमिन पासवर्डवर, म्हणजे ऑफिसच्या मास्टर चावीवर.

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीत हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्यावर ओटीपीसारखी दुसरी तपासणीच नव्हती. कंपनीला इंधनवाहिनी बंद करावी लागली, सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजावी लागली.

म्हणून मी चार गोष्टी सांगतो. अ‍ॅडमिन पासवर्ड एक्सेलमध्ये नको, पासवर्ड व्हॉल्टमध्ये ठेवा. एकच पासवर्ड पाच जणांत वाटू नका. मग कोणी काय केलं ते कळत नाही. अधिकार कामापुरते आणि वेळेपुरतेच द्या. माणूस नोकरी सोडेल त्याच दिवशी त्याचं खातं बंद करा.

उद्या ऑफिसात एवढंच विचारा: आपल्याकडे अ‍ॅडमिन खाती किती, आणि कोणाच्या नावावर?