पाद्रीबाबांचं कॉमिक

१४ एप्रिल १९५०. युद्ध संपून पाच वर्षं होत आली तरी ब्रिटनमध्ये रेशनिंग चालूच होतं. अशा दिवसांत ‘ईगल’ साप्ताहिकाचा पहिला अंक चकचकीत रंगांत आला आणि सुमारे नऊ लाख प्रती खपल्या!

संपादक मार्कस मॉरिस हे चक्क पाद्री. अमेरिकी भयकॉमिक्सनी पोरं बिघडतील, ही त्यांची धास्ती. पण प्रवचन न झोडता त्यांनी चित्रकार फ्रँक हॅम्पसनला हाताशी धरलं आणि अंतराळवीर डॅन डेअर जन्मला. (आधी तोही पाद्रीच असणार होता. बरं झालं, बेत बदलला.)

हॅम्पसनचं काम भलतंच चोख. यानांच्या प्रतिकृती बनवायच्या, सहकाऱ्यांना पोशाख चढवून फोटो काढायचे, मगच चित्र. त्याचा हिरवा, अवाढव्य डोक्याचा मेकॉन खलनायक म्हणून आजही भारी वाटतो.

१९६९मध्ये ‘ईगल’ ‘लायन’ या दुसऱ्या कॉमिकमध्ये विलीन झालं.