जुनें सामान विकण्यापूर्वीं

एकत्र कुटुंबाची वांटणी व्हावयाची म्हटली म्हणजे जमीन, दागिने आणि रोकड यांचा हिशेब कागदावर काटेकोरपणें उतरतो. परंतु माजघरांतील पलंग, ओटीवरचा झोपाळा, देवघरांतील समया, आजेसासूबाईंची फणेरपेटी यांच्या वांट्याला ‘इतर जुनें सामान’ एवढे तीनच शब्द येतात. त्या तीन शब्दांत काय काय बुडून जातें हें ज्यांस पाहावयाचें असेल, त्यांनीं जुन्या वस्तूंचा बाजार एकदां अवश्य पाहावा.

सप्तशृंगीच्या गडाच्या पायथ्याशीं वसलेल्या वणी गांवांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबावर हा प्रसंग नुकताच आला. वाडा मोडकळीस आलेला आणि भाऊ नाशिक-पुण्यास तीन खोल्यांच्या घरांत राहणारे. चार माणसें ऐसपैस बसतील असा झोपाळा तेथें टांगावयाचा कोठें? इतक्यांत एक व्यापारी येऊन साऱ्या सामानाचा उक्ता भाव सांगून गेला. भावांस तो पसंत पडला. थोरल्या वहिनींचें म्हणणें मात्र असें पडलें कीं, वस्तु पुढें कोठें जातात व कोणत्या भावानें विकल्या जातात हें पाहिल्यावांचून होकार देऊं नये. त्यांच्या आग्रहावरून आम्ही सर्व मुंबईस गेलों.

ग्रँट रोड स्टेशनावरून पूर्वेस भेंडीबाजाराच्या दिशेनें चालत गेलें म्हणजे मटन स्ट्रीट लागते. हाच मुंबईचा प्रसिद्ध चोरबाजार. मूळ नांव ‘शोरबाजार’, म्हणजे गलबल्याचा बाजार, असें सांगण्याची चाल आहे. शुक्रवारीं हीं दुकानें बंद असतात व रस्त्यावर पथारीवाले बसतात. म्हणून फर्निचर पाहणाऱ्यानें दुसरा वार धरावा. दुकानें बाहेरून अरुंद दिसतात. परंतु आंत शिरलें कीं जमिनीपासून माळ्यापर्यंत पलंग, कपाटें, आरसे, हंड्या-झुंबरें, लंबकाचीं घड्याळें आणि ग्रामोफोन यांचे डोंगर लागतात. वाड्याच्या खांबांचे येथें दिव्यांचे स्टँड झालेले आहेत आणि झोपाळ्याच्या फळीवर कांच बसवून तिचें चहाचें टेबल केलेलें आहे!

लाकडाची ओळख असेल तर हा बाजार म्हणजे इतिहासाचें पुस्तकच होय. काळसर, हातास जड लागणारें तें शिसवी. १९व्या शतकांत मुंबईचे कारागीर त्यावर दाट नक्षी कोरून कोच-खुर्च्या करीत असत. पिवळट-तपकिरी व किंचित् तेलकट तें सागवान. त्यांतहि ब्रह्मी सागाचा मान मोठा. १८६३ सालीं स्थापन झालेली बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन याच सागाचा व्यापार करी. तिच्या तंट्याचें निमित्त होऊन १८८५ सालीं ब्रह्मदेशाशीं युद्ध झालें आणि पदच्युत थिबा राजास रत्नागिरीस आणून ठेवण्यांत आलें. ओटीवरच्या तुळईचा संबंध कोठवर पोंचतो पाहा!

इराणी हॉटेलें बंद पडूं लागल्यावर तेथील गोल पाठीच्या खुर्च्याहि या बाजारांत आल्या. हें वळण मूळचें व्हिएन्नाचें. बीच लांकूड वाफेनें मऊ करून वांकविण्याच्या कृतीनें मिखाएल थोनेट यानें १८५९ सालीं १४ क्रमांकाची खुर्ची काढली. तिचे भाग अवघे सहा. अशा सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या पेटींत मावत. म्हणूनच ती जगभर गेली.

आतां पारख कशी करावी? कपाटाचा दर्शनी भाग पाहून भुलूं नये. खण बाहेर ओढून त्याची मागील व खालील बाजू पाहावी. जुन्या कामांत फळ्यांस दांते कोरून त्या एकमेकींत गुंतविलेल्या असतात आणि हातानें कोरल्यामुळें ते दांते अगदीं सारखे नसतात. जेथें हात लागतो तेथें झीज असावी; सगळीकडे सारखीच झीज दिसली तर ती मुद्दाम केलेली समजावी. भोंकांखालीं ताजी पिठी पडलेली असेल तर किडा अद्याप जिवंत आहे. चित्रांतहि हीच सावधगिरी हवी. रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला, पुढें मळवलीस गेला आणि १९७२ सालीं आगींत नष्ट झाला. परंतु त्याच्या चित्रांच्या नव्या नकला आजहि छापल्या जातात.

एका दुकानांत वहिनींस एक फणेरपेटी दिसली. झांकणांत आरसा, खालीं लहान कप्पे. ‘दागिन्यांचा जुना डबा आहे, बाई,’ दुकानदार म्हणाला.

‘दागिन्यांचा नव्हे हो. हा कप्पा मेणाचा, हा कुंकवाचा. आधीं कपाळाला मेण लावायचें, मग त्यावर कुंकू,’ वहिनींनीं सांगितलें.

दुकानदारानें लक्षपूर्वक ऐकून घेतलें व विचारलें, ‘पण ही पेटी कोणाची, कोणत्या गांवची, हें सांगतां आलें तर गिऱ्हाईक दुप्पट पैसे देईल. आमच्याकडे माल येतो, त्याची हकीकत येत नाहीं.’

आमच्या मतें साऱ्या बाजाराचें मर्म या एका वाक्यांत आहे. व्यापारी लांकडाचे व घडणीचे पैसे देतो आणि त्यांत अन्याय कांहींच नाहीं. परंतु ज्या हातांनीं ती वस्तु वापरली त्यांची आठवण घरच्या माणसांनींच नोंदविली नाहीं, तर ती दुसऱ्या कोणास नोंदवितां यावयाची नाहीं. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांनीं, म्हणजेच कवि अज्ञातवासी यांनीं, १९२० च्या सुमारास अशाच घरगुती वस्तु जमविण्यास आरंभ केला. अडकित्ते, वज्र्या, दिवे, दौती, फण्या, दरवाजे अशा वस्तूंचा तो संग्रह आज २०,००० च्या घरांत असून, अल्पवयांत निवर्तलेल्या त्यांच्या राजा नांवाच्या मुलाचें नांव त्या संग्रहालयास दिलेलें आहे. आपल्या आजींच्या अडगळींतील वस्तु लोक तेथें तिकीट काढून पाहतात!

कायद्याचीहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्यानें शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तु आणि ७५ वर्षांहून जुनें महत्त्वाचें हस्तलिखित खासगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं. तेव्हां अमेरिकेंतील चिरंजीवांकडे जुनी मूर्ति किंवा पोथी रवाना करण्यापूर्वीं पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

वणीकरांनीं उक्ता व्यवहार नाकारला. पलंग व दोन कपाटें निरनिराळीं विकलीं. धाकट्या भावानें नाशिकच्या बैठकींतील सोफा काढून तेथें झोपाळा टांगला. फणेरपेटी धाकट्या सुनेकडे गेली. झांकणाच्या आंत आजेसासूबाईंचें नांव, माहेर व लग्नाचें साल लिहिलेला कागद वहिनींनीं स्वतः चिकटविला.

आमच्या वाचकांनीं वांटणीची वाट न पाहतां हें काम घरांतील वडीलधारीं माणसें बसलीं आहेत तोंवरच करावें. एक वही घ्यावी. वस्तु कोणती, कोणी केली वा आणली, कोणी वापरली, एवढें त्यांच्या तोंडून उतरून घ्यावें व शेजारीं छायाचित्र लावावें. मग ठेवावयाचें तें ठेवावें आणि विकावयाचें तें खुशाल विकावें.