शैवालाची पेंड, चिलापीचं जेवण

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला थांबून चिलापी खाल्लीय कधी? उजनीच्या पाण्यातला हा मासा मसाला लावून, कुरकुरीत होऊन भाकरीसोबत ताटात येतो. जगात त्याला तिलापिया म्हणतात आणि सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या माशांत त्याची गणना होते. मोकळ्या पाण्यात तो बरंचसं शैवाल खाऊन वाढतो. तलावात पाळला की मात्र त्याच्यासमोर गोळीखाद्य पडतं, आणि त्या गोळीत अनेकदा दुसऱ्या माशांची भुकटी असते. शैवाल खाणाऱ्याला आपण मासे खायला घालतो!

ही भुकटी येते कुठून? मोठा वाटा पेरूच्या समुद्रातल्या अँकोव्हेटाचा, म्हणजे बोटभर लांबीच्या चंदेरी माशाचा. साधारण ४ ते ५ किलो ताजी मासळी शिजवून, दाबून, वाळवली की १ किलो भुकटी मिळते. १९७० साली या माशाची पकड १ कोटी २० लाख टनांच्या वर गेली होती. बेसुमार मासेमारी सुरूच होती, त्यात १९७२ मध्ये एल निनो आला, समुद्र तापला आणि १९७३ मध्ये पकड २० लाख टनांच्याही खाली आली. आज मत्स्यपालनाची भूक तेव्हापेक्षा कितीतरी मोठी आहे. २०२२ मध्ये जगात पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पहिल्यांदाच पकडलेल्यांच्या पुढे गेलं. समुद्र मात्र तेवढाच आहे.

पण अँकोव्हेटाच्या अंगात हे सत्त्व आलं कुठून? त्यानं खाल्लेल्या प्लवकांतून, आणि त्या साखळीच्या मुळाशी सूक्ष्म शैवाल. ज्या ओमेगा-३ साठी आपण मासे खातो, माशाच्या तेलाच्या गोळ्या घेतो, ते ईपीए आणि डीएचए मुख्यतः शैवालासारख्या सूक्ष्मजीवांनी घडवलेलं असतं. मासा ते साठवतो आणि पुढे देतो. माशाचं तेल म्हणून आपण ज्याला ओळखतो, ते मुळात शैवालाचं देणं आहे.

हा जीव केवढा? नॅनोक्लोरॉप्सिस नावाच्या सागरी शैवालाची पेशी २ ते ४ मायक्रॉनची. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा वीसेक पेशी सहज शेजारी-शेजारी बसतील. एवढ्याशा देहात हरितद्रव्य आहे, तेल आहे, प्रथिनं आहेत. ऊन, पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि थोडी खनिजं एवढ्यावर तिचा संसार चालतो. तिला मुळं नकोत, खोड नको, सुपीक जमीनही नको. लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याला हिरवा रंग देणारी स्पिरुलिना आठवा. शास्त्राच्या काटेकोर भाषेत ती सायनोबॅक्टेरिया, पण व्यवहारात शैवालातच मोजली जाते. वाळवलेल्या स्पिरुलिनात ५५ ते ७० टक्के प्रथिनं भरतात. सोयाबीनमध्ये ती ४० टक्क्यांच्या आसपास असतात.

मग सगळे मत्स्यपालक शैवालच का घालत नाहीत? अडचण पाण्याची आहे. उघड्या तलावातलं गडद हिरवं पाणी लिटरभर घ्या, गाळा, वाळवा. हाती साधारण अर्धा ते एक ग्रॅम येईल. किलोभर कोरड्या शैवालासाठी हजार-दोन हजार लिटर पाणी बाजूला करावं लागतं. पाणी हलवण्याचा, गाळण्याचा, वाळवण्याचा खर्च भुकटीच्या किमतीत चढतो. शिवाय काही शैवालांची पेशीभित्ती इतकी चिवट, की आतली प्रथिनं माशाला नीट पचत नाहीत.

इथे एक फार सुंदर युक्ती आहे आणि ती आपल्या घरची वाटावी अशी आहे. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरलेली पेंड आपण गुराला घालतो. माणसांसाठी ओमेगा-३ च्या गोळ्या करताना नॅनोक्लोरॉप्सिसचं तेल काढून घेतात. उरतो प्रथिनांनी भरलेला चोथा. ही शैवालाची पेंडच! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ इथल्या पल्लब सरकार, अ‍ॅन कपुसिन्स्की आणि सहकाऱ्यांनी ही पेंड घेतली आणि डीएचएसाठी तिला शायझोकायट्रियमची जोड दिली. हा शैवालाचा दूरचा भाऊबंद उन्हाशिवाय, बंद टाक्यांत साखरेवर वाढतो. त्यांनी तिलापियाला दिलेल्या या खाद्यात माशाची भुकटी नव्हती, माशाचं तेलही नव्हतं.

२०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शैवालावर वाढलेले मासे नेहमीच्या खाद्यावरच्या माशांपेक्षा चांगले वाढले होते. त्यांच्या मांसात डीएचएही जास्त होतं. आणि संशोधकांच्या हिशेबानं किलोभर मासा वाढवायला लागणारा खाद्याचा खर्च थोडा कमीच होता.

हे प्रयोगशाळेतल्या टाक्यांतलं यश आहे. शेतकऱ्याच्या तलावापर्यंत यायला अशी पेंड टनांनी, सातत्यानं आणि परवडेल अशा भावात मिळायला हवी. पण दिशा मला मनापासून पटते. एका माशासाठी दुसरे मासे दळण्याऐवजी, त्या माशांनी जिथून सत्त्व घेतलं त्या मुळाशीच जायचं. चिलापीला तर हे जेवण नवीन नाहीच. शैवाल हे तिचं आधीपासूनचंच अन्न. आपण तिचं ताट तिला परत देतोय.