डेटोना ५०० बघायला जाताय? मग सोमवार मोकळा ठेवा!

गाड्यांची शर्यत म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फॉर्म्युला वन येते. जमिनीला चिकटलेल्या, उघड्या चाकांच्या त्या नाजूक गाड्या! पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ‘रेस’ म्हणजे नॅसकार. तिथल्या गाड्या दणकट, छप्पर असलेल्या, दिसायला रस्त्यावरच्या कारसारख्या. एकमेकींना ढकलत, घासत त्या गरागरा फिरत असतात. यांना म्हणतात स्टॉक कार. सुरुवातीच्या काळात शोरूममध्ये विकायला आलेल्या, म्हणजे ‘स्टॉक’मधल्या गाड्याच शर्यतीत उतरवल्या जायच्या, म्हणून हे नाव. आजच्या गाड्या मात्र खास शर्यतीसाठीच बांधतात. शोरूमशी त्यांचं नातं उरलंय ते फक्त नावापुरतं आणि चेहऱ्यामोहऱ्यापुरतं.

या खेळातली सगळ्यात मानाची शर्यत म्हणजे डेटोना ५००. फ्लोरिडातल्या डेटोना बीच या गावी दर फेब्रुवारीत ती होते. अडीच मैलांचा ट्रॅक, २०० फेऱ्या, एकूण ५०० मैल. शार्लट, अटलांटा, ऑरलँडो या भागांत आता मराठी घरं पुष्कळ आहेत आणि मुलांकडे राहायला गेलेल्या आईबाबांनाही कुणी ना कुणी विचारतंच, “रेस बघायला येणार का?” जायला हरकत काहीच नाही. पण तिकीट काढण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर हजारो रुपये खरोखर पाण्यात जातील.

ती गोष्ट म्हणजे पाऊस.

आपल्याला वाटतं, फॉर्म्युला वन पावसात चालते, मग या दणकट गाड्यांना काय धाड भरलीय? कारण टायरमध्ये आणि ट्रॅकमध्ये आहे. डेटोनाला वापरतात ते टायर पूर्ण गुळगुळीत असतात. पाणी बाहेर टाकणाऱ्या खाचा त्यांना नसतातच. शिवाय वळणावर रस्ता तब्बल ३१ अंशांनी तिरका बांधलाय. अशा ओल्या उतारावरून ताशी ३०० किलोमीटरने सुमारे ४० गाड्या खेटून पळवणं म्हणजे आत्महत्याच. म्हणून पावसाला सुरुवात झाली की शर्यत थांबते. मग गरम आणि जोरदार हवा मारणारी यंत्रं ट्रॅकवर फिरवून तो वाळवावा लागतो. ट्रॅक एवढा मोठा, की यात तासनतास जातात. तेवढ्यात दुसरी सर आली, की पहिले पाढे पंचावन्न!

हे कधीतरी घडतं असं समजू नका. २०१२ मध्ये ही शर्यत इतिहासात पहिल्यांदाच रविवारवरून पुढे ढकलावी लागली. ती सोमवारी संध्याकाळी सुरू झाली. त्यात एका गाडीचा ताबा सुटला आणि ती थेट ट्रॅक वाळवणाऱ्या वाहनावर आदळली. त्यातलं जेट इंधन पेटलं. शर्यत संपेपर्यंत मंगळवार उजाडला होता. (आग विझेपर्यंत गाड्या ट्रॅकवरच उभ्या होत्या. ब्रॅड केसेलोव्स्की या ड्रायव्हरने बसल्या जागेवरून मोबाइलने फोटो काढून ट्विट केला आणि काही तासांत त्याचे लाखभर फॉलोअर्स वाढले!) २०१४ मध्ये सहा तासांहून जास्त खोळंबा झाला. २०२० मध्ये रविवारी जेमतेम २० फेऱ्या झाल्या, बाकीच्या सोमवारी. २०२१ मध्ये विजेता ठरायला मध्यरात्र उलटली. २०२४ मध्ये रविवार अख्खा धुऊन गेला, शर्यत सोमवारी दुपारी झाली. २०२५ मध्ये पाऊस येणार म्हणून शर्यत तासभर आधी सुरू केली, तरी ११ फेऱ्यांनंतर पावसाने गाठलंच. २०१२ ते २०२५ या १४ वर्षांत सहा वेळा!

आता समजा, तुम्ही रविवारी रात्रीचं परतीचं विमान धरलंय. पाऊस आला, शर्यत सोमवारवर गेली. तिकीट सहसा सोमवारी चालतं, पण तुम्ही तिथे नसता. त्यामुळे शर्यतीचं तिकीट घेण्याआधी परतीचा दिवस ठरवा आणि तो मंगळवार असू द्या. अगदीच जमत नसेल तर सोमवारी रात्रीचं विमान घ्या. यात एक सोय अशी, की २०१८ पासून ही शर्यत प्रेसिडेंट्स डेच्या आदल्या रविवारी होत आलीय, म्हणजे सोमवारी सरकारी सुट्टी असते. सगळ्या खासगी कंपन्या ती देत नाहीत, तेव्हा रजेचा अर्ज आधीच टाकलेला बरा. हॉटेलचं बुकिंगही सोमवारच्या रात्रीपर्यंत करा आणि रद्द करता येईल असंच करा.

आणखी एक फट आहे. अर्धी शर्यत झाल्यानंतर पाऊस आला आणि थांबायची चिन्हं नसली, तर आयोजक तिथेच निकाल जाहीर करू शकतात. २००३ मध्ये १०९ फेऱ्यांवर आणि २००९ मध्ये १५२ फेऱ्यांवर शर्यत अशीच संपवली होती. शेवटच्या फेरीचा थरार बघायला आलेल्यांना भिजत परत जावं लागलं. यावर प्रेक्षकाच्या हातात काहीच उपाय नाही. पावसाबद्दलचे त्या वर्षीचे तिकिटाचे नियम मात्र ट्रॅकच्या वेबसाइटवर जरूर वाचा.

भारतातून जाणार असाल तर क्रम उलटा करू नका. आधी व्हिसा, मगच शर्यतीचं तिकीट. मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने जाऊ शकतात.

आता बसायचं कुठे? आपल्याला नाटकाची सवय, त्यामुळे पुढची रांग म्हणजे भारी असं वाटतं. इथे नेमकं उलट आहे. खालच्या रांगेत बसलात तर ४७-४८ सेकंदांतून एकदा डोळ्यांसमोरून रंगांचा पट्टा जातो, तोंडावर वारा आणि रबराचे कण येतात आणि पलीकडच्या बाजूला काय चाललंय ते कळतच नाही. वरच्या रांगेतून जवळजवळ अख्खा ट्रॅक दिसतो. कोण कुणाच्या मागे लपून वारा वाचवतोय, कुठली रांग पुढे सरकतेय, हे तिथूनच समजतं, आणि या शर्यतीची सगळी गंमत त्यातच आहे. सुरक्षेचाही प्रश्न आहे. २०१३ मध्ये मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशी एक गाडी उडून जाळीवर आदळली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत पडून अनेक जण जखमी झाले. त्यानंतर स्टँडचं मोठं नूतनीकरण झालं, सरकते जिने आले, त्यामुळे वर चढायचा त्रासही उरलेला नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मी तरी खालची रांग घेणार नाही.

कानांचं विसरू नका. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि तीन-साडेतीन तास चालतो. मोठ्यांनी इअरप्लग, मुलांनी कान पूर्ण झाकणारे हेडफोन घालायलाच हवेत. हेडफोनच्या आत स्कॅनर लावला तर ड्रायव्हर आणि त्याच्या टीमचं रेडिओवरचं बोलणं थेट ऐकू येतं. स्कॅनर ट्रॅकवर भाड्याने मिळतो. नवख्या माणसासाठी हा खर्च अजिबात वाया जात नाही, कारण नाहीतर तीन तास गाड्या नुसत्या गोल फिरताना दिसतात. घरचा डबा नेता येतो ही आपल्यासाठी मोठीच सोय! फक्त काचेची भांडी चालत नाहीत आणि बॅगेच्या मापाचे नियम आहेत. थेपले-चटणी न्या, सोबत रेनकोट आणि स्वेटरही. फ्लोरिडा असली तरी फेब्रुवारीची रात्र गार असते.

मुक्कामाला डेटोनातली हॉटेलं त्या आठवड्यात अवाच्या सवा भाव लावतात. सुमारे ९० किलोमीटरवरच्या ऑरलँडोत राहणं स्वस्त पडतं, पण शर्यत सुटल्यावर रस्ता तुंबतो. तासभर जागेवरच बसून राहा, गर्दी ओसरू द्या.

एवढा खटाटोप नको असेल तर गुरुवारच्या ड्युएल्स बघा. रविवारी कोण कितव्या जागेवरून निघणार हे ठरवणाऱ्या या दोन छोट्या शर्यती. गाड्या त्याच, ड्रायव्हर तेच, गर्दी कमी. ऑगस्टमध्येही याच ट्रॅकवर ४०० मैलांची शर्यत असते, पण तेव्हा फ्लोरिडात वादळी सरींचे दिवस. २०२२ मध्ये तीही एक दिवस पुढे गेली होती.

आणि रविवारी ऊन पडलं, शर्यत वेळेवर आटोपली, तर हातात राहिलेल्या सोमवारी समुद्रावर जा. १९५९ मध्ये हा ट्रॅक सुरू होण्याआधी शर्यती याच वाळूवर व्हायच्या. तिथे आजही पैसे भरून स्वतःची गाडी चालवता येते. वेगमर्यादा मात्र ताशी १६ किलोमीटर.