मधली पाने

आत्मकथने कशासाठी वाचावीत, असा प्रश्न शाळेच्या सभागृहात विचारला की 'प्रेरणेसाठी' हे उत्तर ठरलेले असते. ते खोटे नाही, अपुरे आहे. आधी गरिबी, मग कष्ट, शेवटी यश, ही गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की पुस्तक उघडण्यापूर्वीच शेवट ठाऊक असतो आणि मधली पाने घाईने उलटली जातात. माझ्या मते शिकण्याजोगे जे असते ते त्या मधल्या पानांतच. वाट कोणी अडवली, कोणत्या कारणाने अडवली आणि ती कष्टाने मोकळी होण्याजोगी होती काय, हे तेथे कळते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले. कोकणातील मुरुडहून परीक्षेसाठी ते साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. मुलांना ही हकीकत आपण त्या पायपिटीसाठी सांगतो. मला त्यातील नकार अधिक बोलका वाटतो. तो कठोर होता, पण कायमचा नव्हता. वय वाढणारच होते. अशा अडथळ्यावर चिकाटी हा खरा उपाय ठरतो.

आता आपल्याच गावातील प्रसंग पाहा. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले आणि १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या इंग्रजी आठवणींत पुढचे सारे आले आहे. राहावयास जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून ते राहिले. वरच्या मजल्यावर अडगळ, वटवाघळे आणि मिणमिणता कंदील होता. सरकारी घरासाठी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातांत काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी फर्मावले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्हांला घरी ठेवले तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी बाहेरगावी आहे, तिला विचारावे लागेल. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे काही तास त्यांनी कमाटीबागेत काढले.

येथे कोणती चिकाटी उणी होती? विद्या होती, पदव्या होत्या, खुद्द महाराजांचा आश्रय होता. यांतील एकाही गोष्टीने एक खोली मिळाली नाही. आपण बडोदेकर शिष्यवृत्तीची कथा अभिमानाने सांगतो आणि धर्मशाळेची, बहुधा, आवाज खाली आणून. दोन्ही मिळूनच ती हकीकत पुरी होते. सुमारे अठरा वर्षांनी लिहितानाही हा प्रसंग डोळ्यांत पाणी आल्यावाचून आठवत नाही, असे बाबासाहेबांनी नमूद केले आहे. म्हणजे ज्याला आपण सहजपणे 'मात केली' म्हणतो, त्याच्या मनात तो दिवस संपलेला नव्हता. पुढे ते राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले म्हणून तो दिवस आपोआप भरून निघतो, असे मी मानत नाही. बागेतील त्या स्थळाला आज संकल्पभूमी म्हणतात. तेथे जाणाऱ्याने तत्पूर्वी ही थोडी पाने वाचावीत.

आणखी एक गोष्ट वाचकाने पाहावी, ती म्हणजे लेखकाने काय लिहिले नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. नावात 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. त्या एकटीची नव्हे, साऱ्या वस्तीची हकीकत सांगतात. भूक, अंधश्रद्धा, सासुरवाशिणींचे हाल, आणि बाबासाहेबांच्या शब्दांनी जागी झालेली माणसे त्यांत आहेत. त्यांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते. पुड्या बांधण्यासाठी येणारी रद्दी वाचता वाचता त्यांचे वाचन वाढले आणि त्यांनी लिहिण्यास आरंभ केला. लिहिलेले कागद मात्र पतीच्या नजरेस पडू नयेत म्हणून त्या कित्येक वर्षे लपवून ठेवीत होत्या. ही गोष्ट त्या पुस्तकात नाही. ती त्यांनी पुढे मुलाखतीत, विचारल्यावर सांगितली.