शिक्षा : एक शब्द, दोन अर्थ

हिंदीच्या पुस्तकात ‘शिक्षामंत्री’ हा शब्द प्रथमच वाचणारा मराठी विद्यार्थी क्षणभर दचकतो. शिक्षा देण्यासाठी स्वतंत्र मंत्री कशाला हवा, असे त्याला वाटते. परंतु हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे दंड. अक्षरे तीच; अर्थ मात्र निराळा.

या शब्दाचे मूळ संस्कृतात आहे. ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे. त्या धातूचे इच्छा दाखवणारे रूप ‘शिक्ष्’. समर्थ होण्याची इच्छा धरणे, हा त्याचा मूळ अर्थ. ज्याला समर्थ व्हावयाचे, तो अभ्यास करतो; म्हणून ‘शिक्ष्’ म्हणजे शिकणे असा अर्थ रूढ झाला. सहा वेदांगांपैकी एकाचे नाव ‘शिक्षा’ असेच आहे. वर्णांचा शुद्ध उच्चार कसा करावा, हा त्याचा विषय. शिकणे, शिक्षक, शिक्षण हे मराठी शब्दही याच कुळातले.

हिंदी आणि बंगाली या भाषांनी ‘शिक्षा’ शब्दाचा हा जुना अर्थ जपला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि मल्याळम या भाषांत मात्र त्याला दंडाचा अर्थ चिकटला. समुद्रापलीकडे इंडोनेशियात तर ‘सिक्सा’ म्हणजे यातना!

असे का घडले? चुकणाऱ्याला वळण लावणे हेही एक प्रकारचे शिकवणेच होय. वळण लावण्यासाठी दंड केला जाई. हळूहळू शिकवण मागे पडली आणि दंड तेवढा उरला. आजही एखाद्याची खोड मोडली, की ‘त्याला चांगला धडा शिकवला’ असे आपण म्हणतो. ‘शास्’ या धातूतही अशीच जोडी दिसते. शास्त्र आणि शिष्य हे शब्द त्यापासूनच झाले, आणि दंड करणारे शासनही त्यातूनच आले.

छडीवाचून विद्या येत नाही, असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. या दोन अर्थांच्या शेजारामागे तोच समज असावा. आता कायद्याने ते दोन अर्थ वेगळे केले आहेत. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली संमत झाला. त्याच्या हिंदी नावात ‘शिक्षा’ हा शब्द आहे. आणि त्याच कायद्याच्या 17 व्या कलमाने बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. हिंदीतली शिक्षा प्रत्येक मुलाला मिळावी, मराठीतली कोणालाही मिळू नये, हेच त्या कायद्याचे सार होय.